प्लॉट पाहावा तो भाद्रपदात

आपल्या माणसांचा प्लॉटचा सौदा बहुधा उन्हाळ्यात होतो. हातात चार पैसे असतात, जमीन कोरडी ठणठणीत दिसते आणि इसार दिला जातो. मग श्रावणात कळते की अंगणातले पाणी हटत नाही आणि भिंतीला कमरेइतकी ओल चढली आहे. छत्रपती संभाजीनगरात खाम आणि सुखना नद्यांच्या अंगाला, नाल्यांच्या कडेला गुंठेवारीत वीस बाय तीसचे प्लॉट घेणाऱ्यांनी हे वाचावेच, असे आम्हाला वाटते.

आपल्या शहराखाली काळा पाषाण आहे. त्यावर मुरूम, मुरमावर कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर काळी माती. पावसाचे पाणी मुरमात उतरते, पण खालचा घट्ट खडक त्याला अडवतो. म्हणून पावसाळ्यात पाणी वर येते आणि वैशाखात खोल जाते. शेजाऱ्याच्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागले, यावरून आपले पाणी खोल आहे असे समजू नका. ते खडकाच्या भेगांतले पाणी. घराच्या पायाला त्रास देते ते वरचे. जमिनीखालच्या पाण्याची पारख या शहराला नवी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबराने उत्तरेकडच्या डोंगरातले भूजल नहरीने गावात आणले होते.

तपासायचे कसे? भाद्रपदात, पाऊस दोन-चार दिवस थांबला की जागेच्या सखल कोपऱ्यात पाच-सहा फूट खड्डा घ्या. मुलेबाळे पडू नयेत म्हणून तो फळीने झाका. दुसऱ्या दिवशी काठी टाकून पाणी किती खाली आहे ते मोजा. जवळ जुनी विहीर असेल तर तिच्या दगडांवरच्या पाण्याच्या रेषा पाहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा. उन्हाळ्यातच सौदा करावा लागला तर लव्हाळा, पाणकणीस कुठे उगवले आहे, शेजारच्या जोत्यांवर ओलीचे डाग किती उंच आहेत, ते बघा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजते. त्या नोंदी परिसराचा अंदाज देतात, आपल्या प्लॉटचा नाही.

हा खटाटोप कशासाठी? सहाशे चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 1400 लिटर पाणी उतरते, म्हणजे दोनशे लिटरची सात पिंपे. मिस्त्री म्हणतो, शोषखड्डा करा. करा, पण खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या निदान चार-पाच फूट वर हवा. नाहीतर खड्डा शोषणार नाही, उलटा भरेल. माती पाणी पिते का तेही पाहा. फूटभर खोल खळगा पाण्याने भरून रात्रभर भिजू द्या, सकाळी पुन्हा भरा. तासाला इंचभरही पाणी उतरले नाही तर त्या जागी शोषखड्ड्यावर पैसा घालू नका. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात पायाशेजारी पाणी मुरवणे म्हणजे भिंतीला तडे बोलावणे.

खरे सांगायचे तर वीस बाय तीसमध्ये पायापासून दहा फूट दूर खड्ड्याला जागाच नसते. तिथे आमचे मत सरळ आहे : जोते रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच घ्या, छताचे पाणी पाइपाने बाहेर काढा, अंगणाला गल्लीकडे उतार द्या. आणि गल्लीतल्या दहा घरांनी मिळून पावसाच्या पाण्याची एकच गटार नाल्यापर्यंत काढा. संडासाचे पाणी तिच्यात सोडू नका.