सुपरमॅनची अडचण

सुपरमॅन श्रेष्ठ की बॅटमॅन, असा वाद निघाला की आमची मित्रमंडळी लगेच ताकदीचा हिशेब मांडू लागतात. पण लोकप्रियता ताकदीवरच ठरत असती, तर वादाला जागा कुठे होती?

जून १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनला मुळात उडताही येत नव्हते. फर्लांगभर उडी मारायचा, एवढेच! पुढे उड्डाण आले, भिंतीपलीकडचे पाहणारी दृष्टी आली. होता होता एवढे बळ आले, की याला हरवणार कोण, हीच पंचाईत. मग त्याला दुबळा करणारा क्रिप्टोनाइटचा दगड आला. तोही आधी १९४३ साली, रेडिओवरच्या मालिकेत.

उलट १९६२ चा स्पायडरमॅन पाहा. भिंती चढणारा हा पोरगा वर्तमानपत्राला फोटो विकून घर चालवतो आणि म्हाताऱ्या काकूच्या आजारपणाने हवालदिल होतो. सुपरमॅनपुढे त्याचे बळ ते काय! तरी तो घराघरांत पोचला.

आमचे स्वतःचे मत मात्र वेताळाला. १९६४ ते १९९० या काळात 'इंद्रजाल कॉमिक्स'ने त्याला आपल्याकडे आणले. त्याच्याजवळ दैवी शक्ती एकही नाही. बाप गेला की मुलगा तोच वेष चढवतो आणि जंगल समजते, हा अमरच आहे! वाचकाला मात्र ठाऊक असते, की एक गोळी वर्मी लागली तर हा संपला. म्हणून त्याच्या मारामारीत आपला जीव टांगणीला लागतो. सुपरमॅन लढत असला, की काळजी वाटते ती आजूबाजूच्या इमारतींची!