गिनीपिग एकटा ठेवू नका

मे महिन्यात बुऱ्हाणपूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. गिनीपिगचा वंश मात्र दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा; तिशीच्या आसपासच त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्याचा पिंजरा गच्चीवर पत्र्याखाली ठेवणं ही सरळसरळ क्रूरता आहे. घरातली सगळ्यांत थंड खोली त्याला द्यावी.

फ्रिजचं दार वाजलं की तो शीळ घालतो, खुशीत आला की जागच्या जागी उसळतो. उचलल्यावर मात्र अगदी निश्चल बसला, तर मुलं म्हणतात, ‘किती गुणी!’ बहुतेकदा तो भेदरलेला असतो.

दात आयुष्यभर वाढतात, म्हणून वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज द्यावी. केळीच्या या जिल्ह्यात केळं भरवायचा मोह होणारच, पण त्यात साखर फार. क्वचित एखादी चकती पुरे.

स्वित्झर्लंडने 2008 साली गिनीपिग एकटा पाळण्यास कायद्याने मनाई केली. कळपातल्या जिवाला सोबत लागतेच. इथल्या दुकानदारांनीही दोन माद्यांची जोडीच विकावी, सुटा गिनीपिग देऊ नये. आणि त्याने दिवसभर काही खाल्लं नाही, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.