लेखकाचा संसार आणि वाचकाचे ऋण

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असे चिटणीसांचे प्रेमाचे पत्र आले तेव्हा प्रथम मनात संकोचच उभा राहिला. मी जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि पोटासाठी सध्या तांबड्या समुद्राच्या काठी, सौदी अरबस्तानातील थुवाल या गावी राहणारा. आपण मॉरिशसच्या मातीत चार-पाच पिढ्या रुजलेली मंडळी. आपल्याला सांगण्यासारखे माझ्यापाशी काय असणार? परंतु विचार करता असे ध्यानात आले की, आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज ज्या कोकणातून निघाले, तेथल्याच पायवाटांवरून मीही चाललो आहे; आणि करारावर सही करून समुद्र ओलांडण्याचा योग त्यांच्याप्रमाणे माझ्याही वाट्यास आला आहे. अर्थात या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते गलबतांतून आठवडेच्या आठवडे हाल सोशीत गेले, पोर्ट लुईच्या त्या सोळा पायऱ्या चढून उसाच्या मळ्यांत राबले. मी विमानाने काही तासांत आलो आणि दरवर्षी रजेवर घरी जातो. ही तुलना मी करीत नाही. मला बोलावयाचे आहे ते एका निराळ्याच कष्टकऱ्याविषयी, म्हणजे लेखकाविषयी.

थुवाल हे जेद्दाच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरांवरचे कोळ्यांचे जुने गाव. २००९ साली त्याच्या शेजारी राजे अब्दुल्ला यांच्या नावाचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ उभे राहिले आणि देशोदेशींची माणसे येथे जमली. त्यांत संगमेश्वर तालुक्यातला एक वाहनचालक माझ्या परिचयाचा झाला. हा मनुष्य जाखडीची गाणी रचतो. आपल्याकडे जिला झाकरी म्हणतात, तीच ही जाखडी. गौरी-गणपतीच्या दिवसांत कोकणातील वाडीवाडीत पायांतल्या चाळांच्या ठेक्यावर नाचली जाणारी. दिवसभर गाडी हाकून आला की हा गृहस्थ खाटेवर बसून एका जुन्या वहीत कडवी लिहितो. एका शुक्रवारी त्याने ती वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "दादा, लिवतो खरा, पण वाचणार कोण? घरची म्हणते, एवढं जागण्यापेक्षा दोन फेऱ्या जास्त मारा, पोराची फी सुटेल."

त्याला उत्तर देणे मला जमले नाही. परंतु लेखकाचे तिन्ही प्रश्न त्या दोन वाक्यांत आले होते. वाचक कोठे आहे? पैसा कोठून यावयाचा? आणि ज्या जिवलग माणसासाठी आपण राबतो, त्याच्या वाट्याचा वेळ लेखणीला द्यावयाचा तो कोणत्या हक्काने?

पैशाची गोष्ट प्रथम घेऊ. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांना आपण वंदन करतो, ते केशवसुत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे. जन्म १८६६ चा. आयुष्य शाळामास्तरकीत गेले. आज मुंबई, उद्या खानदेश, परवा धारवाड अशी पोटामागची वणवण. १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातीत त्यांच्या कवितांचा एकही संग्रह निघाला नाही. तो हरिभाऊ आपट्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर काढला. ज्याच्यापासून मराठी कवितेचे नवे युग मोजावयाचे, त्या कवीला स्वतःचे पुस्तक हातात धरण्याचे सुख लाभले नाही. दुसरे उदाहरण अण्णाभाऊ साठ्यांचे. वाटेगावाहून पायी चालत मुंबईस आलेला हा पोरगा. शाळेची ओळख दीड दिवसांची. गिरणीत राबून, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत बसून त्यांनी पस्तीसच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ च्या 'फकिरा'ला शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, पुस्तके परभाषांत गेली. आणि १९६९ साली हा लेखक गेला तो दारिद्र्यातच. आज त्यांची जयंती मिरवणुकीने साजरी होते. ती व्हावीच. परंतु मिरवणुकीतील एका दिवसाच्या फुलांचा पैसा त्यांच्या हयातीत त्यांच्या पुस्तकांवर खर्च झाला असता, तर आणखी किती 'फकिरा' आपल्याला मिळाले असते, हा विचार मनातून जात नाही.

यावर कोणी म्हणतील की, दारिद्र्य हीच प्रतिभेची मूस आहे. दुःखावाचून काव्य नाही. हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, पण ते बहुधा पोटभर जेवलेल्या माणसाचे असते. ज्या दोघा-चौघांना दारिद्र्य मारू शकले नाही त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांच्या वह्या चुलीत गेल्या, ज्यांनी दोन फेऱ्या जास्त मारण्यासाठी लेखणी खाली ठेवली, त्यांची गणती कोणी केली आहे? अण्णाभाऊ लिहिते झाले ते दारिद्र्य असूनही. दारिद्र्याचे ते उपकार नव्हेत.

आता प्रेमाविषयी. कवीच्या प्रेमकवितांची चर्चा पुष्कळ होते. त्याच्याशी संसार करणाऱ्या माणसाची क्वचित होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, करजगावचे. ते थोर कवी होते आणि तितकेच विरक्त गृहस्थ. हातात आलेला पैसा कोणाच्या पदरात पडेल याचा नेम नसे. त्यात १८९५ साली त्यांनी धर्मांतर केले आणि पतिपत्नींची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. या साऱ्याचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. पुढे पतीनेच शिकविलेल्या अक्षरांच्या बळावर त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, आणि आज टिळकांच्या कवितेइतकेच, किंबहुना कांकणभर अधिकच, लोक ते पुस्तक वाचतात. नारायण सुर्व्यांचीही कथा अशीच. मुंबईत टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढविले. त्याने गिरणीत काम केले, शाळेत शिपाईगिरी केली, नंतर तो मास्तर झाला, आणि १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह घेऊन मराठी कवितेच्या दारात उभा राहिला. कृष्णाबाईंशी त्यांचा प्रेमविवाह. त्या माउलीने पुढे आपले आत्मकथन लिहिले, त्याचे नाव 'मास्तरांची सावली'. त्या एका शब्दात केवढा संसार सामावला आहे!

येथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आठ वर्षांपूर्वी मी माझ्या कथांचा एक संग्रह पदरच्या खर्चाने छापविला. पाचशे प्रती. पैसे होते ते घराच्या कौलांसाठी पत्नीने साठविलेले. तिने ते एक शब्द न बोलता काढून दिले आणि तो पावसाळा घराने गळक्या छपराखाली काढला. पाचशेपैकी चौऱ्याहत्तर प्रती विकल्या गेल्या, एकशे सहा मी भेट म्हणून वाटल्या, आणि उरलेल्या तीनशे वीस आजही गावी माळ्यावर आहेत. रजेवर गेलो की पत्नी त्यांच्यावरची धूळ झटकते. ती कधी काही म्हणत नाही. ती काही म्हणाली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

तेव्हा खरा प्रश्न उरतो तो वाचकाचा. वाचक भेटला तर पैशाचे दुःख हलके होते आणि घरच्या माणसाच्या त्यागाला अर्थ येतो. परंतु वाचक आपोआप मिळत नाही. तो कोणीतरी मिळवून द्यावा लागतो. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी उतरून ठेवले, असे परंपरा सांगते. खानदेशातील बहिणाबाई चौधरींना अक्षर लिहिता येत नव्हते. ऐन तिशीत वैधव्य आले, आणि शेतात व जात्यावर त्या ओव्या रचीत राहिल्या. त्या त्यांच्या चिरंजीवांनी, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. मुलाने कागद पुढे ओढला नसता, तर मराठी भाषा केवढ्या ठेव्याला मुकली असती!

वाचक संघटित करता येतो, याचीही उदाहरणे आहेत. १९७४ साली मुंबईत 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू झाली. वाचकांनीच आधी सभासद व्हावयाचे आणि त्या बळावर पुस्तके काढावयाची, ही तिची रीत. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' (१९८०) तिनेच काढले. मराठी समाजाने तोपर्यंत ज्यांचे शब्द ऐकले नव्हते, त्यांना तिने घराघरांत नेले. केरळातील उदाहरण तर येथे आखातात रोज डोळ्यांपुढे असते. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली ४७ ग्रंथालये एकत्र आणून संघ स्थापिला आणि त्यातून गावोगाव वाचनालये उभी राहिली. त्या भूमीतला बेन्यामिन हा लेखक १९९२ ते २०१३ बहारीनमध्ये नोकरीस होता. सौदीच्या वाळवंटात शेळ्या राखण्याच्या कामी अडकून पडलेल्या एका मजुराची कथा त्याने 'आडुजीवितम' या कादंबरीत सांगितली. २००८ सालच्या त्या पुस्तकाच्या शंभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या. परदेशी राबणाऱ्याची कथा वाचावयास त्याच्या गावी वाचक तयार होता, म्हणून हे घडले.

आता आपल्याकडे वळतो. मॉरिशसच्या मराठी माणसाने फार मोठे काम केले आहे. घरात क्रेओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, अशा स्थितीत त्याने गणपतीची आरती विसरू दिली नाही, भजन टिकविले, झाकरी नाचती ठेवली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. मुलांना शाळेत मराठी शिकता येते. हे सारे अभिमानास्पद आहे. तथापि एक गोष्ट नम्रपणे विचारावीशी वाटते. आपण मराठीत गातो, मराठीत प्रार्थना करतो. पण मराठीत वाचतो किती? भाषा केवळ देवघरात राहिली तर ती पवित्र राहील, पण जिवंत राहील की नाही, याची शंका आहे. आपल्याच बेटावरील अभिमन्यु अनत यांनी 'लाल पसीना' (१९७७) मध्ये गिरमिटियांचा घाम हिंदीत अमर केला. ती कथा मराठी पूर्वजांचीही होती. मराठीतून ती सांगणारा आपल्यात जन्मला नसेल, असे मला वाटत नाही. तो जन्मला असेल, आणि वाचणार कोण, असा विचार करून त्याने वही मिटली असेल.

कोणी म्हणतील, आमच्या मुलांना साहित्यिक मराठी समजत नाही, मग पुस्तके घेऊन काय करावयाचे? ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपायही साधा आहे: एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर क्रेओल किंवा फ्रेंच अनुवाद अशी छोटी पुस्तके आपली आपणच काढावीत. आजीचे गाणे नातवाला अशा रीतीने कळले, तर तो पुढे मूळ शब्दाकडे वळेल.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घराने वर्षाकाठी एक मराठी पुस्तक विकत घ्यावे; भेट म्हणून मागू नये. दुसरी, ज्या घरी ऐंशीच्या पुढची आजी आहे, तेथे या गणेशोत्सवाआधी तिची गाणी ध्वनिमुद्रित करून लिहून काढावीत. आरती पाठ असलेली माणसे पुष्कळ मिळतील. उसाच्या मळ्यातले गाणे पाठ असलेली दिवसेंदिवस थोडी होत आहेत. तिसरी, या स्मरणिकेत लिहिणाऱ्या आपल्या तरुण मुलामुलींना संस्थेने मानधन द्यावे, मग ते कितीही अल्प असो. मंडपवाल्याला, आचाऱ्याला, छापखान्याला आपण पैसे देतो. मजकूर तेवढा फुकट मागतो, हे योग्य नव्हे. माझ्या या लेखाचे मानधन मात्र मला नको. त्या पैशांतून झाकरीवर सर्वांत चांगला निबंध लिहिणाऱ्या मुलास एक पुस्तक द्यावे.

त्या वाहनचालकाची वही सध्या माझ्यापाशी आहे. तिची स्वच्छ प्रत मी करीत आहे. सत्तेचाळीस गाणी भरली. त्याच्या अनुमतीने ती प्रत आपल्या संस्थेकडे पाठविणार आहे. पूर्वी याच कोकणातून माणसे आपल्याकडे आली. आता त्यांच्यामागून एक वही येत आहे, एवढेच समजावे. ती उघडून कोणी वाचली आणि एखाद्या गाण्यावर आपल्याकडच्या मुलांनी फेर धरला, तर तसे मला कळवावे. ते पत्र मी थुवालला त्याला वाचून दाखवीन, आणि संगमेश्वरी त्याच्या घरीही ते पोचेल अशी व्यवस्था करीन. कारण ते ऐकण्याचा पहिला अधिकार त्या माउलीचा आहे.

लेखनसीमा.