तोडावयाचीं फुलें आणि पाहावयाचीं फुलें

गेल्या नवरात्रांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेंतील ट्यूसन शहरीं होतों. हें शहर सोनोरा नांवाच्या वाळवंटांत वसलेलें. तेथें वर्षाकाठीं पाऊस पडतो तो सुमारें ११ इंच, आणि त्यांतील निम्मा आषाढ ते भाद्रपद या काळांत गडगडाटासह कोसळतो. त्यामुळें शरदारंभीं तेथील वाळूहि फुलते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं आम्ही जवळच्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानांत गेलों. उंच निवडुंगांच्या पायाशीं जमीन नारिंगी-पिंवळ्या फुलांनीं नटली होती. नारिंगी फूल रूपानें खसखशीचें वाटे, परंतु कुळानें तें आपल्या सराट्याचें भाऊबंद. बारीक पिंवळें फूल तर झेंडूच्याच गोत्रांतलें. उद्यां घटाला पहिली माळ यांचीच, असें ठरवून मीं वांकलों, तोंच दहा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, इथलें फूल तोडायचें नाहीं."

देवासाठीं घेतलेल्या फुलास चोरी म्हणत नाहींत, असें मीं जन्मभर मुलांना सांगत आलों. नातीनें अडविल्याचें मनास लागलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु तिनें शाळेंत शिकलेलें कारण सांगितलें. हीं झाडें एका वर्षाचीं. पाऊस पुरेसा झाल्यावांचून त्यांचें बीं रुजत नाहीं. आणि रुजतें तेव्हांहि सारें रुजत नाहीं, कांहीं पुढील सालांसाठीं वाळूंत पडून राहतें. आपले वाडवडील दुष्काळाच्या भयानें पेंवांत धान्य राखून ठेवीत, तसाच हा प्रकार. फूल खुडलें कीं त्या पेंवांत तेवढी तूट! साठी उलटल्यावर मी हा धडा शिकलों.

दुसर्‍या दिवशीं माळ झाली ती सूनबाईंच्या कुंड्यांतील झेंडूची. मौज ही, कीं ज्यास आपण दसर्‍याचें हक्काचें फूल मानतों, तो झेंडू मूळचा तेथून जवळच्या मेक्सिको देशचा. परंतु त्याचें बीं मनुष्य दरसाल राखून ठेवतो, म्हणून तो खुडण्याचा अधिकारहि मनुष्यास पोंचतो. रानफुलाचें बीं मात्र रानालाच राखावें लागतें.

आपल्याकडेहि हा प्रसंग येतो. सातार्‍याजवळील कासच्या पठारावर, कातळावरच्या पातळ मातींत, भाद्रपद-आश्विनांत असेच गालिचे पसरतात, आणि त्यांतील पुष्कळ झाडें अशींच एका वर्षाचीं असतात. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ सालीं या पठाराची गणना जागतिक वारशांत झाली. मुलांना घेऊन तेथें अवश्य जावें. परडी मात्र घरीं देव्हार्‍यापाशीं ठेवून जावें.