पुठ्ठ्याचा पट आणि चार रिकाम्या खुर्च्या

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात दर वर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास ‘जेन कॉन’ नावाचे बैठ्या खेळांचे संमेलन भरते. २०२३ मध्ये त्याला सत्तर हजारांहून अधिक लोक आले. जर्मनीतील एसेन येथे ऑक्टोबरात भरणाऱ्या मेळ्याला २०२४ मध्ये दोन लाखांवर माणसे लोटली. प्रकाशकांची भव्य दालने, नव्या खेळांच्या खोक्यांच्या थप्प्या आणि खरेदीसाठी लागलेल्या रांगा असे या मेळ्यांचे आजचे स्वरूप आहे. या गर्दीत काही माणसे मात्र विकत घेण्यासाठी आलेली नसतात आणि विकण्यासाठीही नसतात. त्यांच्या पिशवीत घरी रंगविलेला पुठ्ठ्याचा पट असतो, कात्रीने कापलेली पाने असतात आणि दोन कागदांवर टाइप केलेले नियम असतात. त्यांना हवे असते एक टेबल, चार रिकाम्या खुर्च्या आणि दोन तासांचा वेळ. हे त्यांना मिळावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आमच्या मते तो तसा नाही. या मेळ्यांचा जन्मच मुळी अशा टेबलांवर झालेला आहे.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावी, विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी पन्नास डॉलर भाड्याने एक सभागृह घेतले आणि युद्धखेळांच्या हौशी मंडळींना बोलावले. शंभराच्या आसपास माणसे जमली. तेच पहिले ‘जेन कॉन’. पुढच्याच वर्षी तेथे गायगॅक्स यांची डेव्ह आर्नेसन या विद्यार्थ्याशी गाठ पडली. आर्नेसन यांनी नंतर गायगॅक्स यांच्या एका युद्धखेळाचे नियम घेतले, त्यांत आपल्या मित्रमंडळींसाठी हवे तसे फेरफार केले आणि १९७२ मध्ये तो बदललेला खेळ खुद्द गायगॅक्स यांना दाखविला. माझ्या नियमांना हात का लावला, असे म्हणत मूळ कर्ता रुसून बसला नाही. तो खेळायला बसला. त्यातूनच १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा जगप्रसिद्ध खेळ निघाला. त्याच्या पहिल्या हजार प्रती घरीच हाताने जुळविलेल्या होत्या. पुढे पैसा आला तेव्हा याच दोघांत कोर्टकचेऱ्या झाल्या, हेही येथे नमूद करावयास हवे. एसेनचा मेळा तर १९८३ मध्ये एका खेळविषयक नियतकालिकाच्या वाचकांच्या भेटीतून, प्रौढांच्या एका शिक्षणसंस्थेच्या वास्तूत सुरू झाला. आज तेथे मोठमोठ्या दालनांतून व्यापार चालतो. व्यापाराबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु वृक्ष वाढला म्हणून मुळाशी पाणी घालणे बंद करावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

हौशी खेळगड्यांचे मोल काय असते आणि त्यांची नोंद न ठेवल्यास काय घडते, याचा सर्वांत बोलका दाखला ‘मोनोपोली’चा आहे. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांतून तो ‘व्यापार’ म्हणून खेळला गेला. त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी या लघुलेखिकेच्या खेळात आहे. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते हे लोकांना उमगावे, या हेतूने त्यांनी तो रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. हेन्री जॉर्ज यांच्या भूमिकराच्या विचाराचा तो पुरस्कार होता. नंतरची तीस वर्षे हा खेळ दुकानांपेक्षा घराघरांतूनच अधिक पसरला. विद्यापीठांतील विद्यार्थी आणि प्राध्यापक, क्वेकर पंथाची कुटुंबे, त्यांचे आप्तइष्ट यांनी मेणकापडावर आपापले पट रंगविले. ज्याने त्याने आपल्या गावातील रस्त्यांची नावे घातली आणि नियमांत आपापली भर टाकली. ॲटलांटिक सिटी येथील क्वेकरांनी आपल्या शहरातील रस्ते त्यावर आणले. चार्ल्स डॅरो या बेकार गृहस्थाला एका परिचिताच्या घरी हा खेळ शिकावयास मिळाला. त्याने तो आपला शोध म्हणून पुढे केला आणि १९३५ मध्ये ‘पार्कर ब्रदर्स’ने तो विकत घेतला. डॅरो श्रीमंत झाला. मॅगीबाईंना पेटंटबद्दल मिळाले ते अवघे पाचशे डॉलर.

हे उघडकीस आले तेही एका प्राध्यापकाच्या चिकाटीमुळे. अर्थशास्त्र शिकविणारे राल्फ अ‍ॅन्स्पाक यांनी १९७३ मध्ये ‘अँटी-मोनोपोली’ नावाचा खेळ काढला. त्यावरून वाद कोर्टात गेला. बचावासाठी त्यांनी जुने खेळाडू शोधून काढले आणि त्यांच्या घरी जपून ठेवलेले हाताने रंगविलेले पट पुरावा म्हणून मांडले. ‘मार्व्हन गार्डन्स’ या वस्तीचे नाव एका घरगुती पटावर एका अक्षराने चुकले होते. नेमकी तीच चूक डॅरोच्या पटावर उतरलेली होती! नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्याची चोरी शिक्षकाला जशी सापडते, तशीच ही सापडली. खालच्या न्यायालयाचा अ‍ॅन्स्पाक यांच्या बाजूचा निकाल १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम राहू दिला.

आपल्यालाही हा अनुभव अगदीच परका नाही. ‘ल्यूडो’ नावाने जो खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बाजारात आला, तो आपल्या पचिशीचेच सोपे रूप आहे. शतकानुशतके कापडावर पट शिवणाऱ्या आणि कवड्या टाकणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे त्याच्या खोक्यावर कधी छापली गेली नाहीत.

तेव्हा मोकळ्या टेबलाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे तपासून पाहिले पाहिजे. संयोजक म्हणतात, जागेचे भाडे भरमसाट आहे, आगीसंबंधीचे नियम कडक आहेत आणि वेळापत्रक महिनोन्महिने आधी ठरते. हे सारे खरे आहे. परंतु जेथे शेकडो टेबले मांडली जातात, तेथे दहा टेबले विनामूल्य राखून ठेवल्याने मेळ्याचे दिवाळे निघेल, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. प्रदर्शनाची दालने संध्याकाळी बंद होतात; त्यानंतरच्या जागेचा तरी विचार सहज करता येईल. प्रकाशकांचा आक्षेप हक्कांसंबंधीचा आहे. येथे कायदा पुरेसा स्पष्ट आहे. अमेरिकेत खेळाची कल्पना आणि खेळण्याची पद्धत यांवर कॉपीराइट नसतो. नियमांची शब्दरचना आणि चित्रे यांवर तो असतो. एखाद्या प्रसिद्ध कादंबरीतील वा चित्रपटातील पात्रे घेऊन चाहत्याने खेळ रचला आणि तो विकावयास काढला, तर प्रकाशकाची तक्रार रास्त ठरेल. चौघांनी पुठ्ठ्यावर एक डाव खेळल्याने कोणाचा धंदा बुडत नाही. उलट त्या चौघांइतका त्या खेळावर प्रेम करणारा ग्राहक दुसरा सापडणे कठीण.

तथापि, हक्क मागणाऱ्याने शिस्तही पाळली पाहिजे. हौस म्हणजे अव्यवस्था नव्हे. संयोजकांची परवानगी आधी घ्यावी. कोणाच्या दालनासमोर वाट अडवून बसू नये. टेबलावर एक पाटी असावी आणि तिच्यावर खेळाचे नाव, किती जणांचा डाव आणि किती वेळ लागेल, एवढे लिहावे. नियम दहा मिनिटांत सांगता येत नसतील, तर ते घरी पुन्हा लिहावेत. नवख्याला जागा द्यावी आणि आपल्याच मित्रांचे कोंडाळे करू नये. डाव संपल्यावर खेळणाऱ्यांचे मत विचारावे आणि ते कडू असले तरी वहीत उतरवून घ्यावे. एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पटाच्या मागील बाजूस रचणाऱ्याचे नाव, तारीख, कोणत्या मूळ खेळावरून तो घेतला आणि कोणाच्या सूचनेवरून काय बदलले, हे स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे. मॅगीबाई आणि अ‍ॅटलांटिक सिटीचे क्वेकर यांच्यात ही एक सवय असती, तर त्यांना न्याय मिळण्यासाठी अर्धे शतक आणि एका प्राध्यापकाची उमेद खर्ची पडली नसती.

खेळ कोणा एकाच्या डोक्यातून पूर्णत्वाने अवतरत नाही. तो अनेक हातांतून फिरतो, झिजतो आणि घडतो. ते हात एकत्र येण्याची जागा बाजाराने व्यापून टाकली, तर बाजारालाच उद्या विकावयास नवे काही उरणार नाही. मेळ्यांच्या संयोजकांना औदार्यासाठी नव्हे, तर निदान दूरदृष्टीसाठी तरी त्या चार खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतील.