सूर्यफुलाला आधार सैल असावा

मुळशीत भातकापणी उरकली, दिवाळी सरली आणि चिखल वाळू लागला, की अंगणात सूर्यफूल पेरण्यास अनुकूल काळ येतो. ताम्हिणीकडील पावसाळा या रोपाला सोसत नाही. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. पौड-पिरंगुटकडे पाऊस तुलनेने कमी, तरीही निचरा पाहूनच जागा निवडावी.

ज्येष्ठ वाचकांना आम्ही हे रोप मुद्दाम सुचवीत आहोत. त्याचे बी ठसठशीत असते, थरथरत्या बोटांनाही धरता येते. आठ-दहा दिवसांत अंकुर वर येतो आणि सुमारे तीन महिन्यांत बी पक्व होते.

सूर्यफुलाला सोटमूळ असते, म्हणून बी कायमच्या जागीच, बोटाच्या एका पेराइतके खोल पेरावे. दोन रोपांत 1 ते दीड फूट अंतर ठेवावे. दिवसाकाठी किमान 6 तास ऊन न लाभल्यास खोड प्रकाशाच्या ओढीने लांबट व दुबळे होते. शेणखत बेताने घालावे. युरियाचा मोह टाळावा. नत्र अधिक झाले की पाने माजतात, खोड मात्र मऊ राहते. वरची माती सुकल्यावर खोलवर मुरेल असे पाणी द्यावे आणि कळी धरल्यावर पाण्याचा ताण पडू देऊ नये. रोप गुडघ्याएवढे झाले, की बुंध्याशी मातीची भर द्यावी.

उंच जातीला बांबूचा आधार लागतो. पण सुतळी सैल बांधावी. वाऱ्याने थोडे डोलणारे खोड हळूहळू जाड व बळकट होते. आवळून बांधलेल्या खोडाला ती संधीच मिळत नाही.

घरातील वृद्धांची सेवा करणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. पडतील या भीतीने त्यांच्या हातचे प्रत्येक काम काढून घेतले, तर त्यांची उरलेली ताकदही ओसरते. त्याऐवजी वाटेवरचे शेवाळ खरवडून काढावे, बादलीच्या जागी तांब्या द्यावा, जवळ भक्कम खुर्ची ठेवावी. वाकणे अवघड असल्यास ओट्यावर मोठ्या कुंडीत बुटकी जात लावावी. काम सकाळच्या कोवळ्या उन्हात उरकावे. उठताना चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

फुलाची मागील बाजू पिवळसर-तपकिरी झाली, की बी तयार झाले असे समजावे. पोपट त्याआधीच हजर होतात, म्हणून फुलाला जुन्या मलमलीचे फडके बांधावे. बियाणे संकरित नसेल, तर मूठभर बी पुढील दिवाळीसाठी जपावे आणि ते कोठे पेरायचे, हे आजी-आजोबांनाच ठरवू द्यावे.