कॅरोलिनाचा भात आणि भीतीचा कायदा

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन शहरात २७ जून २०२३ रोजी आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. ज्या गॅड्सडेन धक्क्यावर ते उभे आहे, तेथे एकेकाळी गुलामांनी भरलेली जहाजे लागत. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २७ मार्च २०२५ रोजी, अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांतील ‘फूट पाडणाऱ्या’ इतिहासकथनावर बोट ठेवले. गुलामगिरी हा अमेरिकेच्या वाटचालीतील अपवाद होता की तिचा पाया, हा या वादाचा गाभा आहे. निदान एका वसाहतीपुरते त्याचे उत्तर कागदोपत्री उपलब्ध आहे. ती वसाहत म्हणजे कॅरोलिना.

व्हर्जिनियात गुलामगिरी हळूहळू कायद्यात मुरत गेली. कॅरोलिनात मात्र ती वसाहतीच्या आराखड्यातच होती. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६३ मध्ये हा मुलूख आठ सरदारांना सनदेने बहाल केला. त्यांच्यासाठी १६६९ मध्ये जी ‘मूलभूत घटना’ तयार झाली, तिच्या मसुद्यात त्यांचे चिटणीस जॉन लॉक यांचा हात होता. त्यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. या घटनेने अनेक पंथांना उपासनेची मोकळीक दिली आणि त्याच दमात प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला आपल्या कृष्णवर्णीय गुलामावर संपूर्ण अधिकारही दिला. वसाहतीने ही घटना पूर्णपणे कधीच स्वीकारली नाही. पण गुलामावरील तो अधिकार व्यवहारात कायम राहिला.

१६७० मध्ये चार्ल्स टाउन वसले, तेव्हा बार्बाडोस बेटावरील मळेवाल्यांचे तिकडे लक्ष होतेच. त्या बेटावरची जमीन उसाने व्यापली होती. धाकट्या मुलांना आणि लहान मालकांना नवी भूमी हवी होती. जितकी माणसे आणाल तितकी अधिक जमीन, असा कॅरोलिनाचा नियम होता आणि त्या मोजणीत गुलामही धरले जात. साहजिकच बार्बाडोसहून गुलाम आले, तसे कायदेही आले. १६९६ च्या गुलामविषयक कायद्यावर बार्बाडोसची छाप स्पष्ट आहे.

भाताचे पीक स्थिरावण्यापूर्वी येथे आणखी एक व्यापार तेजीत होता. मूलनिवासींना पकडून वेस्ट इंडीज आणि उत्तरेकडील वसाहतींत विकले जाई. १७१५ पूर्वी चार्ल्स टाउनमध्ये आणलेल्या आफ्रिकींपेक्षा तेथून बाहेर धाडलेले मूलनिवासी गुलाम अधिक होते, असे इतिहासकार ॲलन गॅले यांचे प्रतिपादन आहे. या लुटीचा आणि कर्जवसुलीच्या जाचाचा स्फोट १७१५ च्या यामासी युद्धात झाला व वसाहत बुडता बुडता वाचली.

सतराव्या शतकाच्या अखेरीस भाताने बस्तान बसवले. दलदल उपसून बांध घालणे, पाणी खेळवणे, उखळात भात कांडणे ही सारी कामे आफ्रिकी स्त्री-पुरुषांच्या अंगावर पडली. पश्चिम आफ्रिकेतील अनेक समाज शतकानुशतके भात पिकवत होते. ते ज्ञानच कॅरोलिनाच्या कामी आले, असे पीटर वुड आणि ज्युडिथ कार्नी यांनी मांडले; इतर काही इतिहासकार त्याचे श्रेय मळेवाल्यांच्या प्रयोगांनाही देतात. घाम कोणाचा, याविषयी मात्र वाद नाही.

१७०८ च्या गणतीत ४,०८० गोरे, ४,१०० आफ्रिकी गुलाम आणि १,४०० मूलनिवासी गुलाम नोंदले गेले. १७४० च्या सुमारास कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट झाले. ज्यांच्या श्रमावर वैभव, त्यांच्याच संख्येचे भय! फ्लोरिडातील स्पॅनिश सत्ता पळून येणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य देत होती. ९ सप्टेंबर १७३९ रोजी, रविवारी, स्टोनो नदीजवळ सुमारे वीस गुलामांनी दुकान फोडून शस्त्रे घेतली व ढोल वाजवत ते दक्षिणेकडे निघाले. वाटेत आणखी लोक मिळाले, वीसहून अधिक गोरे मारले गेले. गोऱ्यांच्या सशस्त्र तुकडीने त्याच दिवशी हे बंड मोडून काढले.

त्याला उत्तर म्हणून १७४० चा कायदा आला. गुलामांचे एकत्र जमणे, स्वतःसाठी पीक काढणे, कमाई करणे यांवर बंधने आली. गुलामाला लिहायला शिकवल्यास शंभर पौंड दंड ठरला. गुलामाला जाणूनबुजून ठार मारणाऱ्यास सातशे पौंड, तर रागाच्या भरात मारणाऱ्यास साडेतीनशे पौंड. माणसाच्या जिवाला दंडाची किंमत आणि अक्षरालाही दंडाची किंमत, असे हे दरपत्रक होते. या कायद्याची चौकट १८६५ पर्यंत टिकली.

मालक जोवर निर्धास्त असतो, तोवर त्याला अक्षरांची भीती वाटत नाही. लेखणीवर बंदी घालून कॅरोलिनाच्या मळेवाल्यांनी आपली व्यवस्था किती ठिसूळ आहे, याची कबुलीच दिली होती. १७ जून २०१५ रोजी याच शहरातील इमॅन्युएल चर्चमध्ये वर्णद्वेषातून नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. त्यानंतर १० जुलै रोजी राज्याच्या विधिमंडळाच्या आवारातून गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा ध्वज उतरला. ध्वज उतरवायला एक दिवस पुरतो. सत्तर वर्षांत घडवलेल्या आणि सव्वाशे वर्षे चाललेल्या कायद्याचे ओझे इतक्या सहज उतरत नाही. २०२६ हे अमेरिकी स्वातंत्र्याच्या घोषणेचे अडीचशेवे वर्ष. त्या निमित्ताने कोणता इतिहास सांगायचा, हे ठरवताना निदान एवढे लक्षात ठेवायला हवे, की ज्यांना लिहू दिले गेले नाही, त्यांची हकिकत नोंदवण्याचे काम आधीच फार उशिरा सुरू झाले आहे.